पाटीवर नाव नसलेला वास्तुविशारद : वॉल्टर ग्रोपियस आणि ‘आर्किटेक्ट्स कोलॅबोरेटिव्ह’ची पन्नास वर्षे

वास्तुरचनेच्या व्यवसायात कार्यालयाच्या पाटीवर बहुधा एकच नाव असते. इमारत उभी करण्यासाठी अनेकांचे हात लागतात. इतिहासात मात्र एकाचीच नोंद होते. विसाव्या शतकातील एका अत्यंत प्रसिद्ध वास्तुविशारदाने हा प्रघात जाणीवपूर्वक मोडला. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस यांनी १९४५ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या केंब्रिज या शहरात सात तरुण वास्तुविशारदांसमवेत एक भागीदारी संस्था स्थापन केली. संस्थेच्या नावात ग्रोपियस हा शब्द नव्हता. ‘द आर्किटेक्ट्स कोलॅबोरेटिव्ह’, म्हणजे वास्तुविशारदांची सहकार्यसंस्था, एवढेच तिचे नाव होते. ‘टॅक’ या संक्षिप्त नावाने ती पुढे जगभर ओळखली गेली.

एकाच वेळी व्यवसायाचे नेतृत्व आणि अध्यापन करणे, किंबहुना नेतृत्व हेच अध्यापन मानणे, हे ग्रोपियस यांच्या कारकिर्दीचे सूत्र होते. त्या सूत्राला किती यश आले आणि ते कोठे अपुरे पडले, याचा वेध ‘टॅक’च्या पन्नास वर्षांच्या वाटचालीतून घेता येतो. या वाटचालीशी भारताचा, आणि विशेषतः कोकणातील एका वास्तुविशारदाचा, थेट संबंध आहे.

रेखाटनाची उणीव आणि सहकार्याची निकड

ग्रोपियस यांचा जन्म १८ मे १८८३ रोजी बर्लिनमध्ये झाला. म्युनिक आणि बर्लिन येथे त्यांनी वास्तुरचनेचे शिक्षण घेतले. परंतु पदवी पूर्ण केली नाही. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांना रेखाटन जमत नसे. विद्यार्थिदशेतच त्यांनी नकाशे काढण्यासाठी मदतनीस ठेवला होता आणि आपल्या या असमर्थतेविषयीची खंत आईला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती. ज्या व्यवसायात पेन्सिल हेच मुख्य साधन, त्यात ही उणीव फार मोठी होती.

ग्रोपियस यांनी या उणिवेतून वेगळी वाट काढली. आपली कल्पना शब्दांत मांडायची, ती सहकाऱ्याने कागदावर उतरवायची, त्यावर चर्चा करायची आणि पुन्हा बदल करायचा, ही त्यांची कार्यपद्धती ठरली. १९०८ ते १९१० या काळात ते पीटर बेहरेन्स यांच्या बर्लिनमधील कार्यालयात होते. पुढे आधुनिक वास्तुरचनेचे अध्वर्यू ठरलेले मीस फान डेर रोह आणि ल कॉर्ब्युझिए यांनीही त्याच कार्यालयात उमेदवारी केली. १९११ मध्ये ग्रोपियस यांनी आडोल्फ मायर यांच्यासह आल्फेल्ड येथील फागुस कारखान्याच्या रचनेचे काम हाती घेतले. इमारतीच्या कोपऱ्यावर भार पेलणारा खांब न ठेवता तेथे काच बसविण्याची कल्पना त्या काळी धाडसी होती. युनेस्कोने २०११ मध्ये या कारखान्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

१९१९ मध्ये वायमार येथे बाउहाउसची स्थापना झाली. कारागीर आणि कलावंत यांच्यातील भिंत पाडणे हे तिचे उद्दिष्ट होते. ग्रोपियस यांचे खासगी कार्यालय शाळेच्या बरोबरीने चालत असे. बर्लिनमधील झोमरफेल्ड यांच्या लाकडी घराच्या कामात (१९२०-२१) त्यांनी विद्यार्थ्यांना सहभागी करून घेतले. रंगीत काचकाम योझेफ आल्बर्स यांनी केले, तर लाकडावरील कोरीव काम योस्ट श्मिट यांनी. शाळा आणि कार्यालय एकत्र आल्यास काय घडू शकते, याचा हा आरंभीचा वस्तुपाठ होता. भारतातील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ज्यांचा मापांचा संदर्भग्रंथ सुपरिचित आहे ते एर्न्स्ट न्यूफर्ट हेही बाउहाउसचे विद्यार्थी आणि नंतर ग्रोपियस यांच्याच कार्यालयातील सहकारी होते.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. वास्तुरचना हे ज्या शाळेचे अंतिम ध्येय म्हणून जाहीर झाले होते, तिच्यात वास्तुरचनेचा स्वतंत्र विभाग १९२७ पर्यंत सुरू झाला नव्हता. प्रत्यक्ष इमारतींची कामे होत होती ती संचालकाच्या खासगी कार्यालयात. गुरूचा व्यवसाय आणि शिष्याचे शिक्षण यांची सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न तेव्हापासून ग्रोपियस यांच्या मागे होता. १९२८ मध्ये त्यांनी बाउहाउसचे संचालकपद सोडले. नाझी राजवटीत काम करणे कठीण झाल्यावर १९३४ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तेथे मॅक्सवेल फ्राय यांच्यासह त्यांनी काही काळ व्यवसाय केला.

हार्वर्डचा वर्ग

१९३७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने ग्रोपियस यांना पाचारण केले आणि पुढच्याच वर्षी ते तेथील वास्तुरचना विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीत या विभागातून आय. एम. पेई, पॉल रुडॉल्फ यांच्यासारखे विद्यार्थी बाहेर पडले. त्यांची पुढील कामे पाहता एक बाब लक्षात येते. त्यांपैकी कोणाचीही शैली ग्रोपियस यांच्यासारखी नाही. आपली शैली विद्यार्थ्यांवर लादू नये, त्यांना प्रश्न सोडविण्याची पद्धत द्यावी, हा त्यांचा आग्रह होता.

त्यांच्या अध्यापनावर टीकाही झाली. नवशिक्या विद्यार्थ्यावर भूतकाळातील महान वास्तूंचे दडपण येऊन तो अनुकरणाकडे वळतो, असे त्यांचे मत असल्याने वास्तुकलेचा इतिहास अभ्यासक्रमाच्या उत्तरार्धात ढकलला गेला. १९८३ मध्ये क्लाउस हेर्डेग यांनी आपल्या ग्रंथात या शिक्षणपद्धतीची कठोर चिकित्सा केली. हार्वर्डच्या नामांकित विद्यार्थ्यांच्या इमारतींतील उणिवांचे मूळ त्यांनी तेथील अध्यापनात शोधले. इतिहासाला दुय्यम स्थान देणे ही ग्रोपियस यांच्या वारशातील सर्वाधिक वादग्रस्त बाब होय.

सात तरुण आणि एक गुरू

‘टॅक’ची मूळ कल्पना ग्रोपियस यांची नव्हती, ती तरुणांची होती. नॉर्मन फ्लेचर, जीन फ्लेचर, जॉन हार्कनेस, सारा हार्कनेस, रॉबर्ट मॅकमिलन, लुईस मॅकमिलेन आणि बेंजामिन थॉम्प्सन हे ते सात जण. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. युद्धोत्तर जगाची उभारणी एकट्यादुकट्याच्या प्रतिभेने होणार नाही, त्यासाठी समूहाने काम करावे लागेल, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी ग्रोपियस यांना सहभागी होण्याची विनंती केली आणि ग्रोपियस यांनी ती मान्य केली.

सात तरुणांपैकी दोन स्त्रिया होत्या, ही त्या काळातील असाधारण गोष्ट होती. हार्वर्डच्या वास्तुरचना शाळेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला तोच मुळी १९४२ मध्ये. जीन फ्लेचर आणि सारा हार्कनेस या दोघी वास्तुविशारद पतींसमवेत, परंतु स्वतंत्र भागीदार म्हणून संस्थेत होत्या.

संस्थेची कार्यपद्धती साधी होती आणि ती काटेकोरपणे पाळली जाई. प्रत्येक कामाला एक भागीदार प्रकल्पप्रमुख म्हणून नेमला जाई. भागीदार ठरावीक दिवशी एकत्र बसत आणि आपापले आराखडे सर्वांपुढे मांडत. त्यावर मोकळी, प्रसंगी बोचरी टीका होई. टीका ऐकून घेणे बंधनकारक होते, मान्य करणे नव्हे. अंतिम निर्णय प्रकल्पप्रमुखाचाच असे. बहुमताने इमारतीची रचना ठरवू नये आणि एकाच्या हुकमानेही ठरवू नये, असा हा मध्यममार्ग होता. ग्रोपियसही आपले काम याच बैठकीत मांडत आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या पिढीकडून त्यावरील आक्षेप ऐकत.

संस्थेच्या आरंभीच्या कामांपैकी ‘सिक्स मून हिल’ ही वसाहत उल्लेखनीय आहे. केंब्रिजजवळील लेक्सिंग्टन येथे भागीदारांनी मिळून जमीन घेतली आणि स्वतःसाठी घरे बांधली. तेथील जुन्या कोठारात ‘मून’ या बनावटीच्या सहा जुन्या मोटारी सापडल्या, म्हणून टेकडीला हे नाव पडले. घरे स्वतंत्र, परंतु मोकळी जमीन सामाईक, अशी तिची मांडणी होती. ज्या सहकार्याचा पुरस्कार हे वास्तुविशारद कार्यालयात करीत होते, ते त्यांनी आपल्या घरांच्या अंगणापर्यंत नेले.

१९५० मध्ये पूर्ण झालेले हार्वर्डचे पदव्युत्तर विद्यार्थी संकुल ही ‘टॅक’ला मिळालेली पहिली मोठी संधी. हार्वर्डच्या परिसरातील हा पहिला आधुनिक इमारतसमूह मानला जातो. सात वसतिगृहे आणि एक सामाईक भोजनगृह अशा या संकुलात होआन मिरो, जाँ आर्प, हर्बर्ट बायर आणि योझेफ आल्बर्स यांच्या कलाकृतींना स्थान देण्यात आले. यांतील बायर आणि आल्बर्स हे ग्रोपियस यांचे बाउहाउसमधील जुने सहकारी.

१९५२ मध्ये, विद्याशाखेचे अधिष्ठाता जोसेफ हडनट यांच्याशी झालेल्या मतभेदांच्या पार्श्वभूमीवर, ग्रोपियस हार्वर्डमधून बाहेर पडले. औपचारिक अध्यापन संपले. परंतु वर्गाची जागा कार्यालयाने घेतली. उर्वरित सतरा वर्षे ‘टॅक’ हीच त्यांची शाळा होती.

अथेन्स, बगदाद, बर्लिन

पन्नासच्या दशकात संस्थेचा विस्तार अमेरिकेबाहेर झाला. अथेन्समधील अमेरिकी दूतावासाची इमारत १९६१ मध्ये पूर्ण झाली. मध्यभागी चौक, भोवती स्तंभांची ओळ आणि पेंटेली पर्वतातील संगमरवराचा वापर अशा रचनेतून ग्रीक परंपरेचे स्मरण राखण्याचा तेथे प्रयत्न झाला.

या काळातील सर्वांत मोठे स्वप्न बगदाद विद्यापीठाचे होते. ग्रोपियस यांच्या हाताखाली हार्वर्डमध्ये शिकलेल्या एलेन जवदत आणि त्यांचे पती निझार जवदत हे वास्तुविशारद दांपत्य बगदादमध्ये काम करीत होते. त्यांच्या पुढाकारामुळे १९५७ मध्ये हे काम ‘टॅक’कडे आले. तैग्रिस नदीच्या वळणावर, जादिरिया येथे, सर्व विद्याशाखांचे संकुल उभारायचे होते. कडक उन्हाळ्याचा विचार करून इमारती परस्परांच्या जवळ ठेवण्यात आल्या. एकीची सावली दुसरीवर आणि मधल्या चौकांवर पडावी, भिंतींना उन्हापासून आडोसा मिळावा, पाण्याचा गारवा असावा, असे नियोजन होते. चौकाभोवती घर आणि वाडा रचण्याची परंपरा असलेल्या भारतीय वाचकाला यातील विचार सहज ओळखीचा वाटेल.

इतिहासाने मात्र या नियोजनाला साथ दिली नाही. काम मिळाले तेव्हा इराकमध्ये राजेशाही होती. १९५८ च्या जुलैमध्ये रक्तरंजित उठाव होऊन ती संपुष्टात आली. अब्दुल करीम कासिम यांच्या राजवटीने प्रकल्प पुढे चालू ठेवला, नव्हे त्याची व्याप्ती वाढविली. १९६३ मध्ये कासिम यांचीही सत्ता आणि प्राण गेले. त्यानंतर काम रखडत, तुकड्यातुकड्यांनी होत राहिले. प्राध्यापकांसाठीचा उंच मनोरा आणि प्रवेशापाशी उभारलेली, शिखराशी मुद्दाम न जोडलेली कमान आजही त्या मूळ संकल्पनेची साक्ष देतात. ‘मोकळे मन’ असा त्या कमानीचा अर्थ सांगितला जातो.

बर्लिनमध्ये वेगळ्या प्रकारचा कटू अनुभव आला. शहराच्या दक्षिण भागातील मोठ्या वसाहतीचा आराखडा ‘टॅक’ने साठच्या दशकाच्या आरंभी तयार केला. तो तुलनेने कमी उंचीच्या इमारती आणि मुबलक मोकळी जागा यांवर आधारित होता. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. पश्चिम बर्लिनच्या वाढीला जागा उरली नाही आणि वसाहत अधिक दाट, अधिक उंच करण्यात आली. १८ हजारांहून अधिक घरांच्या या वसाहतीला पुढे ‘ग्रोपियसश्टाट’, म्हणजे ग्रोपियसनगर, असे नाव मिळाले. ज्याने आयुष्यभर पाटीवर एकट्याचे नाव नाकारले, त्याचे नाव ज्या वसाहतीला दिले गेले तिचे अंतिम रूप त्याच्या मूळ आराखड्यानुसार नव्हते.

नावाचे वजन

सहकार्याच्या तत्त्वापुढील खरी अडचण बाहेरच्या जगाची होती. ग्राहक, वृत्तपत्रे आणि पुरस्कार देणाऱ्या संस्था यांना एक चेहरा हवा असतो. ‘टॅक’ची इमारत ही बहुतेकांच्या लेखी ग्रोपियस यांचीच इमारत ठरे. कामाचे प्रमुख असलेले भागीदार तळटीपेत राहत. ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या वास्तुविशारद संस्थांची सुवर्णपदके ग्रोपियस यांना अनुक्रमे १९५६ आणि १९५९ मध्ये मिळाली. अमेरिकी संस्थेचा, कार्यालयाच्या एकत्रित कामगिरीबद्दल दिला जाणारा पुरस्कार ‘टॅक’ला १९६४ मध्ये मिळाला. समूहाची दखल गुरूच्या मागून घेतली गेली.

न्यूयॉर्कमधील पॅन ॲम इमारतीच्या प्रकरणात हे नाव ग्रोपियस यांनाच महागात पडले. १९६३ मध्ये खुल्या झालेल्या या ५९ मजली इमारतीसाठी एमरी रॉथ अँड सन्स या कार्यालयासमवेत ग्रोपियस आणि पिएत्रो बेलुस्की यांनी सल्लागार म्हणून काम पाहिले. पार्क अव्हेन्यू या प्रशस्त रस्त्यावरील दूरवरची नजर या अजस्र इमारतीने अडविली, अशी टीका झाली आणि ती दीर्घकाळ चालू राहिली. सामाजिक जबाबदारीचे धडे देणाऱ्या शिक्षकाने एवढ्या मोठ्या व्यापारी प्रकल्पाला आपले नाव का द्यावे, असा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनाही पडला.

याउलट काही छोट्या कामांत तत्त्व अबाधित राहिले. जर्मनीतील रोझेंथाल कंपनीसाठी लुईस मॅकमिलेन यांच्यासह रचलेला चहाचा संच १९६९ मध्ये बाजारात आला. त्याचे नाव होते ‘टॅक’. त्याच वर्षी, ५ जुलै रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी बोस्टन येथे ग्रोपियस यांचे निधन झाले.

आचऱ्यापासून हार्वर्डपर्यंत

ग्रोपियस यांच्या शिकवणुकीचा भारतातील सर्वांत ठळक दुवा म्हणजे अच्युत कानविंदे. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरा येथे १९१६ मध्ये जन्मलेले कानविंदे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत क्लॉड बॅटली यांच्या मार्गदर्शनाखाली वास्तुरचना शिकले. १९४५ मध्ये, म्हणजे ‘टॅक’ची स्थापना झाली त्याच वर्षी, ते उच्च शिक्षणासाठी हार्वर्डला गेले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ मध्ये, ते परतले आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुविशारद झाले. नव्या देशाला प्रयोगशाळा हव्या होत्या. अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची, म्हणजे ‘अटिरा’ची, इमारत ही त्यांची आरंभीची महत्त्वाची कृती. तिच्यावर बाउहाउसची छाप स्पष्ट दिसते.

१९५५ मध्ये कानविंदे यांनी शौकत राय यांच्यासह दिल्लीत भागीदारी सुरू केली. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे संकुल, मेहसाण्याची दूधसागर डेअरी, मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र ही त्यांच्या कार्यालयाची ठळक कामे. कानपूर संकुलात विटा आणि उघडे काँक्रीट यांचा वापर आहे आणि इमारतींना जोडणारे, उन्हापावसापासून आडोसा देणारे मार्ग आहेत. हार्वर्डमध्ये शिकलेली पांढऱ्या, सपाट भिंतींची भाषा मागे पडून भारतीय हवामान आणि साहित्य यांनी तिची जागा घेतलेली येथे दिसते. शिष्याने गुरूचे रूप टाकून पद्धत ठेवली, असे याचे वर्णन करता येईल. १९६९ मध्ये कानविंदे यांनी एच. जेम्स मिलर यांच्यासह भारतातील शैक्षणिक संकुलांच्या रचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्रीने सन्मानित करण्यात आले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

संस्थेचा शेवट आणि शिल्लक

गुरूच्या पश्चात ‘टॅक’ बंद पडेल, ही अपेक्षा खोटी ठरली. वॉशिंग्टनमधील अमेरिकी वास्तुविशारद संस्थेच्या मुख्यालयाची इमारत (१९७३), कुवेतमधील अरब आर्थिक विकास निधीचे मुख्यालय, बोस्टनमधील कोप्ली प्लेस हे संकुल ही कामे ग्रोपियस यांच्या निधनानंतर पूर्णत्वास गेली. बेंजामिन थॉम्प्सन हे काही काळ हार्वर्डच्या वास्तुरचना विभागाचे प्रमुख होते. म्हणजे गुरूच्याच खुर्चीवर त्यांचा सहकारी बसला. १९६६ मध्ये त्यांनी ‘टॅक’ सोडून स्वतःचे कार्यालय काढले आणि बोस्टनच्या जुन्या फॅन्युइल हॉल बाजारपेठेला नवे जीवन दिले. काही भागीदार निघून गेले, नवे आले, संस्था मोठी होत गेली. आठ जणांच्या बैठकीत जे साधत होते ते शेकडो कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात साधणे उत्तरोत्तर कठीण झाले. अखेर आर्थिक अडचणींमुळे १९९५ मध्ये, स्थापनेनंतर पन्नास वर्षांनी, ‘टॅक’ने कामकाज थांबविले.

ताळेबंदाच्या भाषेत हा शेवट अपयशाचा आहे. शिक्षणाच्या भाषेत मात्र हिशेब वेगळा मांडावा लागतो. संस्थापकांनी स्वतःसाठी उभारलेल्या ‘सिक्स मून हिल’वर आजही लोक राहतात. बगदादच्या कमानीखालून विद्यार्थी आजही जातात. कानविंदे यांचे कार्यालय त्यांच्या पश्चातही भागीदारी म्हणूनच चालू राहिले. भारतासह अनेक देशांतील वास्तुकलेच्या महाविद्यालयांत विद्यार्थी आपला आराखडा भिंतीवर लावतो आणि सहाध्यायी व शिक्षक त्याची उलटतपासणी करतात. हा परिपाठ एकट्या ग्रोपियस यांचा नाही. परंतु शिक्षण संपल्यावरही तो संपू नये आणि गुरूनेही आपला आराखडा त्याच भिंतीवर लावावा, हे त्यांनी स्वतःच्या कार्यालयात पंचवीस वर्षे करून दाखविले.